हॅलोविनचा बिनविस्तवाचा खाऊ : मुलांच्या हातचा, मुलांच्या मापाचा



ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन तयाऱ्या बरोबरच सुरू होतात. एक फराळाची, दुसरी हॅलोविनची. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुताचा वेश!

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत राहते आणि दर रविवारी तिथल्या मराठी शाळेत लहान गटाला शिकवते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेत अशा अनेक मराठी शाळा चालतात. तिच्या वर्गासाठी हॅलोविनच्या खाऊचा एक पाठ आम्ही दोघींनी फोनवर बसून आखला. मुलं १०, वय ५ ते ८, वेळ एक तास. हॉल भाड्याचा असल्यामुळे शेगडी, ओव्हन काहीच लावायची परवानगी नाही. तोच पाठ इथे सविस्तर मांडते आहे.

हॅलोविन म्हणजे नेमकं काय?

मुलांना खाऊ करायला बसवण्याआधी आपल्याला एवढं माहीत हवं. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. जुन्या इंग्रजीत संतांना 'हॅलो' म्हणत. त्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. पण या रात्रीच्या चालीरीतींची मुळं त्याहून जुनी आहेत. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागताना 'साविन' नावाचा सण होत असे. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे आपल्या जगात येतात असा समज होता.

आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची पद्धत होती. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, त्यांच्याबरोबर या चालीही गेल्या. अमेरिकेत भोपळा सहज मिळायचा, तो मोठा असतो आणि कोरायलाही सोपा. म्हणून सलगमाच्या जागी भोपळा आला. सफरचंदही या सणाचं जुनं फळ. पाण्यात तरंगणारी सफरचंदं हात न लावता तोंडाने पकडायचा खेळ अजून खेळला जातो.

आपल्याकडे वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. हे दिवस एकाच मालिकेतले. मुलांना "हा भुतांचा सण" असं सांगून थांबू नका. "गेलेल्या माणसांची आठवण काढायचे हे दिवस, त्यातली एक रात्र गमतीची" असं सांगितलं तर त्यांना ते नीट कळतं.

'नो-बेक' म्हणजे काय, आणि काय नाही

नो-बेक म्हणजे ओव्हनमध्ये न भाजलेला पदार्थ. पण नो-बेकच्या पुष्कळ कृतींमध्ये चॉकलेट वितळवायचं असतं, मार्शमेलो गरम करायचे असतात. म्हणजे उष्णता आलीच, आणि ते काम मोठ्यांकडे गेलं. मूल मग शेवटी वरून रंगीत गोळ्या पेरण्यापुरतंच उरतं. आम्ही ठरवलं की विस्तव नाही, मायक्रोवेव्ह नाही, धारदार सुरी नाही. असा खाऊ सोलण्यापासून ताटलीत मांडण्यापर्यंत मूल स्वतः करू शकतं. बिनविस्तवाच्या खाऊने वेळ वाचतो हे खरं, पण तो करायचा तो या कारणासाठी.

आधी ॲलर्जीची यादी, मग सामानाची

अमेरिकेत अन्नाच्या पाकिटावर नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठळक सांगावे लागतात : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जलचर, बदाम-काजूसारखी झाडावरची कवचफळं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. पालकांना आठवडाभर आधी निरोप पाठवून ही यादी विचारा. बहिणीच्या वर्गात एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. तेव्हा आम्ही तिच्यासाठी वेगळी ताटली न करता सगळ्यांच्याच ताटलीतून शेंगदाणा काढला. वेगळी ताटली मिळालेल्या मुलाला खाऊ मिळतो, पण पंगत मिळत नाही.

अमेरिकेत काही घरांच्या दाराशी मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवलेला दिसतो. "इथे खाऊशिवाय पेन्सिल, स्टिकर अशा वस्तूही मिळतील" अशी ती ॲलर्जी असलेल्या मुलांसाठीची खूण आहे. वर्गात ही गोष्ट जरूर सांगा.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक सूचना. हॅलोविनच्या पुष्कळ कृतींमध्ये मार्शमेलो असतात, आणि नेहमीच्या मार्शमेलोमध्ये जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं जिलेटिन असतं. भारतात पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. अमेरिकेत तशी सक्ती नाही, त्यामुळे घटक वाचूनच घ्या. आम्ही मार्शमेलो वापरलेच नाहीत.

सामान (१० मुलांसाठी)

केळी ५, सोलायला सोपी छोटी संत्री १०, लाल सफरचंदं ४, बिया काढलेला मऊ खजूर पाव किलो, मनुके एक वाटी, भोपळ्याच्या सोललेल्या बिया अर्धी वाटी, सूर्यफुलाच्या बियांचं बटर एक छोटी बाटली, गाजरं ३, पुदिन्याची एक जुडी, लिंबं २. शिवाय प्रत्येकाला एक ताटली, एक बोथट सुरी आणि एक ओला रुमाल. गाजराच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक काड्या आणि सफरचंदाच्या फोडी मोठ्यांनी ऐन वेळी कापून ठेवायच्या.

कृती १ : केळ्याचं भूत

१. केळं सोल. २. मधोमध आडवं काप. ३. अर्ध्या केळ्याची कापलेली बाजू खाली ठेवून ते ताटलीत उभं कर. ४. बोटाने त्याला लिंबाचा रस चोळ. ५. दोन मनुके डोळ्यांच्या जागी दाब, तिसरा तोंडाच्या जागी.

लिंबाचा रस कशाला? कापलेल्या केळ्या-सफरचंदातल्या विकराचा हवेतल्या प्राणवायूशी संबंध आला की फळ तपकिरी पडतं. लिंबाच्या आंबटपणामुळे आणि क जीवनसत्त्वामुळे ही क्रिया मंदावते. सफरचंदाच्या दोन फोडी घ्या, एकीला रस लावा, दुसरी तशीच ठेवा. तास संपताना मुलांनाच दोन्ही पाहू द्या. विज्ञानाचा पाठ आपोआप होतो.

कृती २ : संत्र्याचा भोपळा

१. संत्रं अख्खं राहील असं सोल. २. वरच्या खळग्यात पुदिन्याचा छोटा देठ पानासकट खोच. झाला भोपळा!

सगळ्यांत सोपी कृती हीच, पण सोलताना लहान बोटांना चांगला व्यायाम होतो. साल चिमटीत धरून ओढायची सवय पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. मुलाला पाच मिनिटं लागली तरी लागू द्या.

कृती ३ : राक्षसाचा जबडा

१. सफरचंदाच्या दोन फोडी घे. २. दोन्हींच्या आतल्या बाजूला बियांचं बटर फास. ३. लाल साल समोर येईल अशा फोडी एकमेकींवर ठेव, हे राक्षसाचे ओठ. ४. मधल्या फटीत भोपळ्याच्या बिया ओळीने खोच, हे दात.

फोडींनाही लिंबाचा रस लावावा, पण बटर लावायच्या बाजूने त्या रुमालाने टिपून घ्याव्यात. ओल्या फोडीवर बटर चिकटत नाही, घसरतं. हे मुलांना सांगू नका. दोन-तीन जबडे घसरले की तीच शोधून काढतात.

कृती ४ : खजुराचा कोळी

१. तीन-चार खजूर तळहातावर मळ. २. लाडू वळतात तसा गोळा वळ. ३. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार गाजराच्या काड्या खोच. ४. मनुक्याचे बारीक तुकडे डोळे म्हणून चिकटव.

पायांसाठी आधी फराळातली जाड शेव घ्यायचा विचार होता. पण विकतची शेव कधीकधी शेंगदाण्याच्या तेलात तळलेली असते, म्हणून गाजर घेतलं. ते मोडतही नाही. मुंगीला सहा पाय, कोळ्याला आठ, हे इथे हातानेच पाठ होतं. "एका कोळ्याला आठ, तर दहा कोळ्यांना किती काड्या लागतील?" असं विचारा. आठाचा पाढा न येणारी मुलंही दोन-दोनच्या जोड्या लावून ऐंशीपर्यंत पोहोचतात.

वयाप्रमाणे काळजी

पाच वर्षांखालचं भावंड शेजारी बसलं असेल तर अख्खे मनुके, बिया, कच्च्या गाजराच्या काड्या, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं आणि मार्शमेलो त्याच्या हाताला लागू देऊ नका. हे पदार्थ घशात अडकू शकतात. त्याच्यासाठी डोळे-तोंड नसलेलं केळ्याचं भूत आणि संत्र्याच्या बिया काढून बारीक केलेल्या फोडी पुरेत. खाताना सगळ्यांनी बसून खायचं. वेश घालून पळत खायचं नाही, हा नियम मोठ्या मुलांनाही लागू.

घरी चॉकलेट वापरायचंच असेल तर ते वितळवायचं काम मोठ्यांनी करावं. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून गरम पाण्यावर ठेवलेलं भांडं पुरतं. मात्र आत पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेटच्या घट्ट गुठळ्या होतात. भांडं, चमचा, फळ सगळं कोरडं हवं.

यात मराठी कुठे आहे?

सगळीकडे. सोल, काप, चोळ, दाब, खोच, फास, टीप, मळ, वळ, चिकटव. परदेशात वाढणाऱ्या मुलांना रंगांची आणि प्राण्यांची नावं येतात, पण हाताच्या कामांची ही क्रियापदं क्वचितच कानावर पडतात. 'खोच' आणि 'चिकटव' यातला फरक चित्रावरून समजावणं कठीण, काडी हातात असली की तो चटकन कळतो. मऊ, चिकट, करकरीत, बुळबुळीत, तुरट, आंबटगोड हे शब्दही जिभेवर आणि बोटांवर बसतात. नंतर फळ्यावर 'आधी, मग, त्यानंतर, शेवटी' लिहून मुलांना कृती सांगायला लावा. मोठ्या गटाला लिहायला द्या. आपल्याकडच्या शाळांतही बाल आनंद मेळाव्याच्या वेळी भेळ किंवा सरबतावर हीच पद्धत वापरता येते.

भीतीचं काय?

हॅलोविनला अंगणातले सांगाडे आणि कोळ्यांची जाळी पाहून लहान मुलं खरोखर घाबरतात. "घाबरायचं काय त्यात?" असं म्हटल्याने भीती जात नाही, फक्त सांगायची बंद होते. बहिणीच्या वर्गातला एक पाच वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांच्या सांगाड्यामुळे त्या बाजूने चालायलाच तयार नव्हता. त्याने आपल्या केळ्याच्या भुताला तीन डोळे लावले आणि सांगितलं, "हा घाबरलाय." बहिणीने विचारलं, "कशाला रे?" तर म्हणाला, "अंधाराला." मग तो त्याला समजावत बसला. सांगाड्याची भीती एका केळ्याने गेली असं मी म्हणणार नाही. पण भुताचे डोळे कुठे लावायचे हे ज्याने ठरवलं, त्याला भुताबद्दल बोलायला तरी जमलं.

म्हणूनच मोठ्यांना एक विनंती. मदतीला आलेल्या आई-बाबांचे हात फार शिवशिवतात. वाकडा डोळा सरळ करावासा वाटतो, फोटो छान यावा असं वाटतं. ज्या क्षणी आपण तो डोळा सरळ करतो, त्या क्षणी ते भूत आपलं होतं. बहिणीने पालकांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मागितल्याशिवाय हात लावायचा नाही." त्या ताटल्या मासिकात छापण्यासारख्या नव्हत्या, पण प्रत्येक मुलाला आपली ताटली लांबून ओळखू येत होती.

एका तासाची आखणी

सणाची माहिती १० मिनिटं, हात धुणं ५, चार कृती ३०, खाणं आणि गप्पा १०, टेबल पुसणं ५. आवरायचं कामही मुलांचंच. वेळ कमी पडला तर एक कृती गाळा, पण सोलायला आणि वळायला घाई करू नका. घरी करणार असाल तर केळ्याच्या भुतापासून सुरुवात करा. सामान मोजकंच, आणि बिघडलंच तर खाऊन टाकता येतं!

जरूर करून पाहा.