दुष्काळांतील रोग : त्यांचीं कारणें, प्रसार व निवारण

(परभणी जिल्ह्यांतील ग्रामस्थ व साह्यकर्ते यांजकरितां)

दुष्काळाचें नांव निघतांच भुकेलेला माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो आणि धान्याचीं पोतीं गोळा करण्याकडे सर्वांचें लक्ष लागतें. तें योग्यच आहे. परंतु मागील दुष्काळांचा इतिहास पाहिला असतां एक गोष्ट वारंवार आढळून येते. निव्वळ उपासमारीनें जितके प्राण गेले, त्यांहून कितीतरी अधिक प्राण पटकी, हगवण, हिंवताप व गोवर यांनीं नेले. १८७६-७८ च्या व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मदतीच्या कामांवर जमलेल्या लोकांत पटकी शिरली. आणि पाऊस पडून संकट टळलें असें वाटूं लागतांच, अशक्त झालेल्या लोकांना हिंवतापानें गांठलें. भूक शरीराचा कोट पाडते आणि रोग त्या खिंडारांतून आंत शिरतो.

उलट १९७२-७३ च्या दुष्काळाकडे पाहा. तो मराठवाड्यास अत्यंत कठीण गेला. तथापि राज्यांत ऐन भराच्या वेळीं सुमारें पन्नास लाख माणसें खडी फोडणें, रस्ते, बांध-बंदिस्ती अशा कामांवर होतीं. त्यांस मजुरी मिळाली, मुलांस सुकडी मिळाली, आणि जुन्या दुष्काळांसारखा संहार झाला नाहीं. यावरून दुष्काळ टळला नाहीं तरी मृत्यु टाळतां येतो, हें सिद्ध होतें. तो टाळण्यास धान्याबरोबर आणखी काय लागतें, तें येथें सांगावयाचें आहे.

रोगाविषयीं जुनी व नवी समजूत

पूर्वीं गांवांत पटकी आली म्हणजे मरीआईचा कोप झाला असें मानीत आणि देवीचा गाडा शिवेबाहेर पोंचवून देत. त्या लोकांस हंसण्याचें कारण नाहीं. रोगास गांवाबाहेर काढावें हा त्यांचा हेतु बरोबरच होता. तो कोणत्या वाटेनें येतो, एवढेंच त्यांस ठाऊक नव्हतें.

ती वाट पुढें एकेक करून उघडकीस आली. १८५४ सालीं लंडन शहरांत पटकीची सांथ चालू असतां डॉ. जॉन स्नो यांनीं कोणकोणत्या घरीं माणसें दगावलीं याची चौकशी केली आणि बहुतेक सर्व एकाच पंपाचें पाणी पीत होते असें दाखवून दिलें. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. पटकीचा जंतु तेव्हां सर्वमान्य झालेला नव्हता. तरी वाट बंद करतां आली. पुढें १८८३-८४ सालीं डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं प्रथम इजिप्तमध्यें व नंतर कलकत्त्यास तो जंतु शोधून काढला, आणि कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांतही तो दाखविला. २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथें डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले. परभणी जिल्हा त्या काळीं हैदराबाद संस्थानांतच होता; तेव्हां हा शोध आपल्या अंगणांतच लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्वांचें सार एकच आहे. साथीचा रोग आकाशांतून पडत नाहीं. तो एका शरीरांतून निघून दुसऱ्या शरीरांत जातो, आणि त्यास जावयास वाट लागते. कोणाची वाट पाण्याची, कोणाची डांसाची, कोणाची श्वासाची, तर कोणाची स्पर्शाची. जंतु डोळ्यांस दिसत नाहीं; वाट मात्र दिसते व ती अडवितां येते.

दुष्काळांत रोग कां वाढतात

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या आपल्या जिल्ह्यांतून वाहतात. जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे. जायकवाडीचा डावा कालवाही जिल्ह्यांत येतो. असें असूनही पाऊस चुकला कीं गांवोगांवच्या विहिरींचा तळ दिसूं लागतो. २०१५-१६ सालीं मराठवाड्यानें हें पुनः अनुभविलें. विहीर आटली म्हणजे केवळ पाणी कमी होतें असें नाहीं. जी घाण पूर्वीं भरपूर पाण्यांत विरून जात असे, ती थोड्या पाण्यांत दाट होते. माणसें व गुरें एकाच डबक्याकडे धांव घेतात. पिण्यास पाणी नाहीं तेथें हात धुण्यास कोण देणार? टँकर येईल तेव्हां मिळेल तें पाणी मिळेल त्या भांड्यांत सांठवावें लागतें. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांचीं मुलें लसीच्या वेळीं घरीं नसतात. या प्रत्येक अडचणींतून रोगास एकेक नवी वाट मिळते.

पाण्याची वाट

पटकी, विषमज्वर, आमांश, हगवण व बहुतेक सांथीची कावीळ हे रोग विष्ठेंतून पाण्यांत व पाण्यांतून तोंडांत जातात. विहिरीस कठडा नसणें, काठावर धुणें धुणें, जवळच्या उघड्या जागीं शौचास बसणें, फुटलेल्या नळांत गटाराचें पाणी शिरणें, हीं त्यांचीं नेहमींचीं कारणें होत. पाणी स्वच्छ दिसतें म्हणून तें शुद्ध असतें असें नाहीं.

विहिरीचें पाणी शुद्ध करण्याचा स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर, जिला गांवोगांव टी.सी.एल. म्हणतात. चांगल्या पावडरींत शेंकडा तेहतीस भाग क्लोरीन असतो, आणि एक हजार लिटर पाण्यास अशी अडीच ग्रॅम पावडर लागते. विहिरींत पाणी किती आहे हें पुढीलप्रमाणें काढावें : गोल विहिरीचा व्यास मीटरमध्यें मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीनें गुणावें, आणि आलेल्या संख्येस ७८५ नें गुणावें; उत्तर लिटरमध्यें येतें. व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असल्यास ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर पाणी झालें. त्यास सुमारें सत्तर ग्रॅम पावडर पुरे.

ही पावडर तशीच विहिरींत फेंकूं नये. बादलींत थोड्या पाण्यांत ती कालवावी, बादली भरावी, दहा मिनिटें निवूं द्यावी, आणि वरची निवळी दुसऱ्या बादलींत ओतून घ्यावी. तळाचा चुना टाकून द्यावा. निवळीची बादली दोरानें विहिरींत सोडून खालींवर हालवावी, म्हणजे औषध सर्वत्र पोंचतें. हें काम रात्रीं शेवटचें पाणी भरून झाल्यावर करणें उत्तम. निदान एक तास तरी पाणी कोणीं काढूं नये. तासाभरानें तपासणीचें औषध टाकून पाहावें. पाण्यास पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें. रंग आला नाहीं तर मात्रा अपुरी पडली. पाणी गढूळ असल्यास घाण क्लोरीनला खाऊन टाकते, यास्तव तें आधीं तुरटीनें निवळून घ्यावें लागतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. उघड्या, दमट किंवा उन्हांतल्या पोत्यांतील पावडरीचा जोर उडून जातो. अशी पावडर टाकून 'विहीर शुद्ध केली' म्हणणें म्हणजे गांवाची फसवणूक होय. पोतें बंद तोंडाचें, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावें. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हें काम करीत असतो. त्यास विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्रामस्थास आहे.

विहीर शुद्ध झाली तरी घागरींत हात बुडविला कीं सर्व श्रम फुकट जातात. पाणी झांकून ठेवावें, लांब दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें, आणि शंका असल्यास उकळून घ्यावें.

हगवण लागल्यावर

हगवणीनें माणूस मरतो तो बहुधा अंगांतलें पाणी व क्षार निघून गेल्यानें. हें ओळखून १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांत, बनगांव येथील छावणींत, डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांस पाजविण्यास सुरुवात केली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें होतें व रोगी जमिनीवर पडले होते. तेथें शेंकडा तीसच्या सुमारास असलेलें मृत्यूचें प्रमाण या पाण्यानें शेंकडा चारांच्या खालीं आलें.

तेंच पाणी आज क्षारसंजीवनीच्या पुडींत मिळतें. पुडी न मिळाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. माप चुकवूं नये. डोळ्यांतल्या आंसवांपेक्षां खारट लागल्यास तें टाकून नवें करावें. मूल वांति करील तर दहा मिनिटें थांबून पुनः चमच्याचमच्यानें पाजावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न तोडूं नये. सहा महिन्यांवरील मुलास झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस द्यावी. त्याहून लहान, पण दोन महिन्यांवरील मुलास अर्धी. डोळे खोल जाणें, मूल मलूल होणें, पाणी न पिणें, लघवी बंद होणें किंवा शौचांत रक्त दिसणें यांपैकीं एक जरी चिन्ह दिसलें तरी तत्काळ दवाखाना गांठावा, आणि वाटेंतही पाणी पाजीत राहावें.

डांसाची, श्वासाची व स्पर्शाची वाट

पाणी नसतां डांस कोठून येतील, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. नळ किंवा टँकर अनेक दिवसांनीं येऊं लागला म्हणजे घरोघर रांजण, हौद व टाक्या भरून ठेवाव्या लागतात, आणि डेंगीचा डांस अशाच सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. अंड्यापासून उडता डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा. उरलेलें पाणी गाळून दुसऱ्या भांड्यांत घ्यावें, फेंकूं नये, आणि रिकाम्या भांड्याच्या कडा घांसाव्या. कारण अंडीं कडेस चिकटून कित्येक महिने कोरडीं राहूं शकतात. रिकामा न होणारा हौद झांकावा किंवा त्यांत गप्पी मासे सोडावे. पाऊस येतांच डबक्यांतून हिंवतापाचा डांस वाढतो. तेव्हां थंडी वाजून ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें आणि रात्रीं मच्छरदाणींत निजावें.

गोवर श्वासावाटे पसरतो आणि कुपोषित मुलास फार जड जातो. नऊ महिने पूर्ण होतांच गोवर-रुबेलाची लस व 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत लसीची दुसरी मात्रा द्यावी. ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं लसीचें कार्ड बरोबर न्यावें. मुलास पडावाजवळच्या केंद्रावरही लस मिळते. खरूज व डोळ्यांच्या खुपऱ्या हे पाण्याच्या टंचाईचे सोबती. तांब्याभर पाण्यानें मुलाचें तोंड धुतलें तरी माशा डोळ्यांवर बसत नाहींत.

नारूचा धडा

हें सर्व सामान्य गांवास साधेल काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं नारूची हकीकत आठवावी. पायऱ्यांच्या बारवेंत उतरून पाणी भरणाऱ्या लोकांत तो असे. नारूचे सूक्ष्म जंतु पाण्यांतील बारीक कीटकांत वाढत; तें पाणी प्यालेल्या माणसाच्या पायांतून वर्षभरानें हातभर लांब कृमि बाहेर निघे; आणि तो पाय पुनः बारवेंत बुडाला कीं पुढल्या वर्षाची पेरणी होई. या रोगावर लस नव्हती, कृमि मारणारें औषधही नव्हतें. तरी बारवा बंद करून, हातपंप बसवून आणि पाणी कपड्यानें गाळून लोकांनीं त्याची वाट तोडली. १९९६ नंतर भारतांत एकही रोगी आढळला नाहीं, आणि फेब्रुवारी २००० मध्यें देश नारूमुक्त ठरला. फडक्याच्या तुकड्यानें जें घडलें, तें शिस्तीनें पुनः घडूं शकतें.

साह्यकर्त्यांस विनंति

ज्या मुलास हगवण लागली आहे, त्याच्या पोटांत गेलेली भाकर अंगीं लागत नाहीं. शुद्ध पाण्यावांचून दिलेलें धान्य पुष्कळसें वायां जातें. यास्तव जे ज्वारीचें पोतें देतील, त्यांनीं त्याबरोबर क्लोरीनचें औषध, क्षारसंजीवनीच्या पुड्या, झांकणाचीं व तोटीचीं पिंपें, साबण व मच्छरदाण्या यांचाही विचार करावा. जे पैसा देऊं शकत नाहींत, त्यांनीं विहिरीचा कठडा बांधण्यास दोन हात द्यावे, कोरड्या दिवशीं आळींत फेरी घालावी, आणि शेजारच्या घरीं मूल आजारी असल्यास मीठ-साखरेचें पाणी करून दाखवावें. हें दान लहान दिसतें; परंतु पहिल्या दानाचें सार्थक यानेंच होतें.

पाऊस पाडणें कोणाच्या हातीं नाहीं. घागर झांकणें प्रत्येकाच्या हातीं आहे. तेवढें तरी करावें, ही विनंति.