असं का? : सोमनाथ नकाशावर जवळ, रस्त्यानं लांब

औंढा नागनाथहून सोमनाथला निघालेल्या यात्रेकरूंना मोबाइलवर दोन आकडे दिसतात. हवाई अंतर सुमारे ७१० किलोमीटर, रस्त्यानं मात्र हजाराच्या बरंच पुढे. एवढी तफावत का?

हवाई अंतर कसं काढतात?

त्यासाठी दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश पुरतात. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. सोमनाथ औंढ्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडं अधिक आणि उत्तरेला सव्वा अंशाहून थोडं अधिक आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जसा बसेल तो सर्वांत जवळचा मार्ग.

रस्ता का वाढतो?

हा दोरा दमणजवळ समुद्रावर जातो आणि दीवच्या आसपास सौराष्ट्राला टेकतो. गाडीला सुरत, वडोदरा करत खंभातच्या आखाताला वळसा घालावा लागतो. त्याआधी डोंगर उतरताना घाटातली वळणं असतात, आणि नदी पूल असेल तिथेच ओलांडता येते. विमानही दोऱ्यावरून तंतोतंत उडत नाही. ठरलेले हवाईमार्ग आणि धावपट्टीची दिशा त्याला पाळावी लागते.

वळसा टाळायचा तर समुद्रच ओलांडायला हवा. २०२० मध्ये सुरू झालेल्या हजीरा-घोघा रो-रो फेरीनं त्या दोन ठिकाणांमधलं ३७० किलोमीटरचं रस्त्याचं अंतर ९० किलोमीटरवर आणलं. म्हणून प्रवासाचा बेत हवाई अंतरावर नव्हे, वाटेतल्या भूगोलावर आखावा.