मागून येणारा चरण

नारदाच्या गादीवर कीर्तनकार एकटा पुढे दिसला, तरी कीर्तन एकट्याचं नसतं. जळगाव-धुळ्याकडच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनाला बसलं की माझी नजर मागे उभ्या टाळकऱ्यांवरच जाते.

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका सप्ताहात एक तरुण महाराज उभे होते. निरूपण रंगलं होतं. प्रमाण म्हणून तुकोबांचा अभंग काढला आणि दुसऱ्या चरणाला अडखळले. पाठीमागच्या वयस्क टाळकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चरण त्यानेच वरच्या पट्टीत उचलला, बाकीच्यांनी झेलला, पखवाज्याने ठेका धरला. चरण दोन-तीनदा फिरेपर्यंत महाराजांनी उपरण्याने घाम पुसला, सुटलेला धागा पकडला. समोरच्यांना काही कळलंही नाही. चरण हाताशी नसेल तर टाळकरी ‘विठोबा रखुमाई’चा गजर लावतात, तेवढ्यात बोलणारा सावरतो.

कीर्तन संपल्यावर तोच म्हातारा महाराजांच्या पाया पडला. ‘विहिरीचा दृष्टान्त फार गोड झाला, महाराज,’ म्हणाला. अडखळण्याचा विषयही काढला नाही.

यासाठी नुसतं पाठांतर पुरत नाही. टाळ थांबलेले असतात तेव्हाच खरं ऐकणं चालतं: आवाज कुठे चढतोय, कोणतं प्रमाण येऊ घातलंय. महाराजांनी दोन शब्द उच्चारले की पुढचे मागून आलेच पाहिजेत. जरा उशीर झाला, की बोलण्याचा ओघ तुटतो.

समोर बसणाऱ्यांवरही भार असतो. दृष्टान्त भिडला की बायकांमधून ‘माय वं!’ येतं आणि महाराज तोच दृष्टान्त आणखी फुलवतात. माना मोबाइलात गेल्या, की तोच माणूस भराभर गुंडाळतो. कीर्तन पडलं म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, तुम्ही कसे बसला होता?

ज्या मुक्ताईच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, तिच्या भावानेही श्रोत्यांकडे हेच मागितलं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडतो तोच अवधानाच्या विनवणीने.

म्हणूनच नवख्या महाराजांची तारीख धरताना जाणती मंडळी त्या रात्री मुरलेले टाळकरी मुद्दाम बोलावतात. त्यांतले काही आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत राहून आलेले असतात. मोठ्या नावाच्या कीर्तनकाराला ते नसले तरी चालतं. पोराला ते हवेतच.