सराव परीक्षा आणि पोचट दाणे

संगणकांची जाळी बांधणे आणि ती राखणे ही आता पोटापाण्याची विद्या झाली आहे. कर्जत-खालापूरकरांना ही कामे फार लांबची नाहीत. ऐरोली-महापेच्या बाजूला मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत आणि पनवेलजवळही २०२० साली असेच एक मोठे केंद्र सुरू झाले. अशा कामाला जाऊ पाहणारी मुले-मुली पुष्कळदा सीसीएनए ही परीक्षा देतात. सिस्को या अमेरिकन कंपनीने ती १९९८ साली सुरू केली. वेळ १२० मिनिटे आणि फी ३०० डॉलर. वरचा कर धरला की आपल्या रुपयांत ती पंचवीस हजारांच्या पुढे जाते. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते खरे, पण फी पुन्हा सगळी भरावी लागते. एका पिकावर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च झेपणे सोपे नाही.

म्हणून मुले सराव परीक्षांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र सराव परीक्षा कशासाठी, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळ जण ती गुण पाहण्यासाठी देतात. साठ आले, वाईट वाटले. ऐंशी आले, आनंद झाला. की लगेच पुढचा पेपर! असे दहा पेपर सोडवले तरी ज्ञान होते तिथेच राहते.

आपल्याकडे भाताचे बी पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडले की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरलेले तळाशी बसतात. सराव परीक्षेचे काम अगदी हेच. तुमच्या अभ्यासातले पोचट दाणे ती वर आणून दाखवते. फरक इतकाच, की शेतकरी ते दाणे काढून टाकतो आणि विद्यार्थ्याने नेमके तेच उचलून भरायचे असतात.

हिचा आणखी एक गुण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे चाळीस टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना एकसष्ट टक्के. म्हणजे आठवण्याचा प्रयत्न हाच मुळी एक अभ्यास आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे आपण धरून चालतो.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा : १९२.१६८.१०.१०० हा पत्ता, मास्क /२६. तर हा पत्ता कोणत्या उपजाळ्यात पडतो? /२६ म्हणजे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे गट. ते शून्य, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. शंभर हा आकडा ६४ ते १२७ या गटात येतो, म्हणून उत्तर १९२.१६८.१०.६४. पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा आणि शेवटचा, १२७ चा, सर्वांना हाक मारण्याचा. तेव्हा यंत्रांना वापरायला उरले बासष्ट. आता ज्याने नुसते ‘६४’ हे उत्तर पाठ केले, त्याला शंभराच्या जागी दीडशे घालून विचारा. तो अडखळेल. ज्याला गट पाडता येतात तो तत्काळ १२८ सांगेल. तेव्हा सुटलेल्या प्रत्येक गणितातले आकडे बदलून ते पुन्हा सोडवावे.

सरावासाठी एक साधी वही करावी. उत्तर देताना प्रत्येक प्रश्नापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ असे लिहावे. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर चूकच समजावे, बरे का! मग प्रत्येक चुकीचे कारण लिहावे : विषय ठाऊक नव्हता, दोन गोष्टींत घोटाळा झाला, की प्रश्नच घाईने वाचला? पहिल्याला पुस्तक हवे. दुसऱ्याला हाताने करून पाहणे हवे. त्यासाठी सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर हा कार्यक्रम फुकट मिळतो आणि त्यात राउटर विकत न घेता जाळे जोडून पाहता येते. तिसऱ्याला फक्त सवय हवी. चुकलेला प्रश्न तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने सोडवावा. कर्जतहून खोपोलीच्या लोकलने जाणाऱ्याने तर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशा एकेका स्टेशनाला वही मिटून एकेक उत्तर आठवावे. त्याला ना पैसा लागतो ना मोबाईलची रेंज.

पूर्ण पेपर मात्र घड्याळ लावूनच द्यावा. या परीक्षेत एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही, तेव्हा सरावातही परतू नये. उत्तीर्ण होण्याचे गुण कंपनी आगाऊ जाहीर करीत नाही. म्हणून पूर्वी न पाहिलेले दोन पेपर लागोपाठ चांगले सुटले, की मगच फी भरावी. परीक्षा घरून देण्याची सोय आहे. परंतु भर पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसेल तर केंद्रावर गेलेले बरे.

एका गोष्टीपासून सांभाळा. ‘खऱ्या परीक्षेतलेच प्रश्न’ म्हणून काही संच बाजारात विकले जातात. ते परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहेत. पकडले गेल्यास निकाल रद्द होऊ शकतो, पुढे बसण्यास बंदीही येऊ शकते. समजा, पकडले गेले नाही. तरी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बंद पडलेले जाळे समोर येईल तेव्हा तिथे चार पर्याय छापलेले नसतील.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या गावची चार मुले या परीक्षेला बसत असतील, तर जाळ्यांची विद्या तुम्हाला येत नसली तरी तुमची मदत मोलाची आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना शाळेच्या वर्गात बसवा आणि प्रत्येक प्रश्नावर एवढेच विचारा : ‘बाकीचे तीन पर्याय का चूक?’ ज्याला ते सांगता येईल त्याचा दाणा भरला. ज्याला येणार नाही त्याला रागावू नका. काय वाचायचे ते त्याला कळले, आणि तेही फी भरण्यापूर्वी कळले.