तिरंगी सामन्यांचें गणित

कुस्तीचा निकाल पोरासही कळतो. ज्याची पाठ मातीस लागली तो हरला. तिरंगी क्रिकेटचें तसें नाहीं. तेथें हरलेला पुढें जाऊं शकतो, आणि त्या दिवशीं जो मैदानावर उतरलाच नाहीं त्याचें दैव परस्पर ठरतें. ‘हरले ना? मग आनंद कसला?’ हा वडील मंडळींचा प्रश्न म्हणूनच अगदींच गैर नव्हे. १९९८ च्या एप्रिलांत शारजा येथें झालेली भारत, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची स्पर्धा हा त्याचा उत्तम दाखला होय.

प्रत्येकानें चार सामने खेळावयाचे व वरच्या दोघांनीं अंतिम सामन्यास जावयाचें, असा नियम होता. ऑस्ट्रेलिया अजिंक्य होता. भारत व न्यूझीलंड यांनीं एकमेकांस एकेकदां हरविलें होतें. शेवटचा साखळी सामना, २२ एप्रिलचा, भारत हरता तर दोघांचे गुण सारखे होऊन निवाडा धांवांच्या गतीवर जाणार होता.

ऑस्ट्रेलियानें २८४ धांवा केल्या. भारतास विजयासाठीं २८५ हव्या होत्या. न्यूझीलंडला मागें टाकण्यास मात्र २५४ पुरत होत्या. इतक्यांत वाळूचें वादळ उठलें. चैत्र सरत आला कीं अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांवरून जाणारी वावटळ आम्हां वऱ्हाडकरांच्या परिचयाची आहे. पण खेळाडूंस जमिनीवर पालथें पडावयास लावणारें हें तुफान निराळेंच! चार षटकें कमी झालीं. विजयाचा आंकडा २७६ व पुढें जाण्याचा २३७ ठरला.

अशा वेळीं धाकट्या आंकड्यावर समाधान मानण्याचा मोह स्वाभाविक असतो, आणि तिरंगी स्पर्धेचा खरा दोष हाच. मराठी कवि प्रा. रमेश तेंडुलकर यांचे चिरंजीव सचिन यांनीं तो मोह मानला नाहीं. २३७ ओलांडल्यावरही ते विजयासाठींच झगडत राहिले व १३१ चेंडूंत १४३ धांवा करून बाद झाले. भारताच्या २५० झाल्या. सामना गेला, पण अंतिम फेरी मिळाली. बिचारा न्यूझीलंड न खेळतांच बाहेर पडला.

२४ एप्रिल हा तेंडुलकरांचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशीं ऑस्ट्रेलियाच्या २७२ धांवांना उत्तर देतांना त्यांनीं १३४ केल्या व भारतानें सहा गडी राखून चषक जिंकला. साखळींतील चारही सामने जिंकणारा ऑस्ट्रेलिया रिकाम्या हातीं परतला. आमच्या मतें त्या चार विजयांचें कांहीं तरी माप शेवटीं धरावयास हवें होतें. पण नियम आधींच ठरलेला होता, आणि तो तिघांसही सारखाच लागू होता.