प्रदर्शनासाठी तट्टू घेताना



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला आणि मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पुष्कळ जण तिथून ठेंगणे, देखणे तट्टू घेऊन येतात आणि मग आपल्या भागातल्या प्रदर्शनात उभे करतात. कॉलेजातल्या मास्तराला घोड्यातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. जे कळते ते फसल्यावर कळले.

पुतण्याच्या हट्टापायी मी एका बाजारातून अबलख तट्टू घेतले. विकणारा म्हणाला, "साहेब, पाच वर्षांचं आहे, आता बोटभरसुद्धा वाढायचं नाही." मी मान डोलावली. पुढच्या वर्षी प्रदर्शनात परीक्षकांनी माप लावले, आणि आमचे तट्टू ठेंगण्या गटातून बाद! तट्टू म्हणून घेतले ते चांगल्या उंच घोडीचे शिंगरू निघाले. रंगाला भुललो, दुसरे काय?

तेव्हा पहिला प्रश्न हा, की जनावर लहान आहे ते कशामुळे? रक्तामुळे, वयामुळे की उपासमारीमुळे?

रक्ताने लहान म्हणजे कसे, ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या तट्टांत दिसते. थंडी, वारा आणि तुटपुंजे गवत यांत पिढ्यान् पिढ्या टिकलेली ही जात. पूर्ण वाढलेले जनावरही खांद्यापाशी 42 इंचांवर जाता कामा नये, असा तिथला दंडक; त्यातही 34 इंचांपर्यंतच्यांचा गट वेगळा. आपल्याकडची भीमथडी तट्टे यांहून उंच असतात, पण तीही जातिवंतच. धनगरांच्या भटकंतीत बिऱ्हाड वाहणाऱ्या या तट्टांची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे, घोड्यांतली आठवी. अशा जनावराचे डोके, मान, पाठ, पाय सगळे एकमेकांना शोभून असते. दुरून पाहिले तर घोडाच वाटावा, जवळ गेल्यावर लहानपण कळावे.

वय ओळखायचे दातांवरून. खालचा ओठ खाली ओढून समोरचे सहा दात पाहा. दुधाचे दात बारके, पांढरे आणि बुडाशी निमुळते असतात. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्के दात येऊ लागतात, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. माझ्या "पाच वर्षांच्या" तट्टाचे सगळे दात दुधाचे होते! शिंगराचे पायही धडाच्या मानाने लांब आणि शेपूट आखूड, झुबकेदार असते. हेही माझ्या डोळ्यांसमोरच होते.

उपासमारीने खुरटलेले जनावर मात्र पाहवत नाही. डोके मोठे, पोट सुटलेले, मान काडीसारखी, केस निस्तेज. लहान राहावे म्हणून शिंगराला उपाशी ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याकडून घेऊ नये. पाय वाकडे, कपाळ फुगीर, खालचा जबडा पुढे आलेला असेल, तर ते जन्मजात व्यंग समजावे आणि त्यापासून पैदास करू नये.

मग चाल पाहा. सपाट, कडक जमिनीवर समोरून आणि मागून दुडकी चालवून घ्या. लंगडत असेल तर चालताना डोके वरखाली होते. चारही खूर उचलून दाखवायला सांगा. खूर उचलू देत नाही, कान मागे टाकते, ते मुलांच्या हाती द्यायचे नाही. पंचकल्याणी, देवमण वगैरे खुणांना बाजारात भाव येतो. हौस असेल तर द्या, पण खूर पाहिल्यानंतर.

घरी आणल्यावर उलटी चूक होते. प्रदर्शनात गुबगुबीत दिसावे म्हणून चंदी वाढवली जाते. तट्टू थोडक्यावर जगणारे जनावर. दाण्याच्या माऱ्याने त्याच्या खुरांत आतून दाह होतो. पुढच्या पायांवर भार घेईनासे होते आणि पुष्कळदा कायमचे अधू होते.

व्यवहार पक्का करण्यापूर्वी ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा दाखला मागा. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी आणि फोड ही त्याची लक्षणे. हा रोग माणसालाही होतो, आणि रोगी ठरलेले जनावर कायद्याप्रमाणे मारावे लागते. बाजारातल्या सामाईक हौदावर आपले तट्टू पाजू नका. बादली घरून न्या.