लार्नाइट : डोंगरातले सिमेंट

लार्नाइट हे कॅल्शियम सिलिकेट वर्गातील दुर्मीळ खनिज आहे. उत्तर आयर्लंडमध्ये लार्न गावाजवळ स्कॉट हिल नावाची टेकडी आहे. तेथील नमुन्यांवरून सी. ई. टिली यांनी १९२९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि गावाचेच नाव त्याला दिले.

या टेकडीत डोलेराइटचा तप्त शिलारस खडूच्या थरांत घुसला. खडू म्हणजे मऊ, शुभ्र चुनखडक. त्यात चकमकीचे, म्हणजे सिलिकेचे, गोटे विखुरलेले होते. उष्णतेने चुना व सिलिका यांचा संयोग झाला आणि कार्बन डायऑक्साइड निसटून गेला. अशा संस्पर्शी रूपांतरणात एरवी वोलॅस्टोनाइट तयार होते आणि बदल तिथेच थांबतो. लार्नाइटला मात्र कमी दाब आणि सुमारे १००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान लागते. दुर्मीळतेचे कारण हेच.

ते टिकणेही अवघड. थंड होताना त्याची स्फटिकरचना बदलली, तर आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि घट्ट खडा आपोआप भुकटी होतो. पाणी लागले तरी त्यावर रासायनिक क्रिया होते.

गंमत अशी की, हे दुर्मीळ खनिज कारखान्यात टनावारी बनते. पोर्टलंड सिमेंटच्या क्लिंकरमधील बेलाइट हा घटक म्हणजे लार्नाइटचेच कृत्रिम रूप. भट्टीतून निघालेला क्लिंकर झपाट्याने थंड करतात, त्यामुळे त्याची भुकटी होणे टळते. बेलाइट पाण्याशी सावकाश संयोग पावते. काँक्रीटला महिन्याभरानंतर येणारी मजबुती बरीचशी त्याचीच. सिमेंट भिजल्यावर तयार होणारे पोर्टलंडाइटही नैसर्गिक खनिज म्हणून प्रथम स्कॉट हिललाच, १९३३ मध्ये नोंदले गेले.